सायकल घेताना दाते मोजा

‘‘पुण्याहून पाचगणीपर्यंत सायकलनं यायचंय. कोणती सायकल घेऊ?’’ आमच्या गटात यंदा पहिल्यांदाच येणाऱ्या एका शिक्षिकेनं मला विचारलं. अंतर साधारण शंभर किलोमीटर. ओळखीची माणसं दर किलोमीटरमागे काही रुपये द्यायचं कबूल करतात आणि जमलेले पैसे एका शाळेच्या प्रयोगशाळेला जातात. दुकानात फिरून त्यांना एवढंच कळलं होतं की सायकल जितकी हलकी तितकी महाग. मग ऐपतीप्रमाणे सर्वांत हलकी घ्यावी, असं त्यांना वाटत होतं.

२०१३ साली मलाही तसंच वाटलं होतं. मी एक जुनी, साडेआठ किलोची रेसिंगची सायकल विकत घेतली. खंबाटकी कशीबशी चढलो, वाईला जेवलो आणि पसरणीच्या घाटात, पाचगणी तीन किलोमीटरवर राहिली असताना, उतरून चालू लागलो. सायकल हलकी होती, पण पेडल फिरत नव्हतं. असं का झालं?

हिशोब सोपा आहे. नववीच्या मुलांनाही करता येईल. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी सुमारे १३००. म्हणजे बारा किलोमीटरच्या रस्त्यात ५८० मीटर चढायचं. समजा, माणूस ६५ किलोचा, सायकल ११ किलोची आणि पाणी-सामान ४ किलो. एकूण ८० किलो. हे वजन वर न्यायला ८० × ९.८ × ५८०, म्हणजे साडेचार लाख ज्यूल लागतात. ताशी ८ किलोमीटर वेगानं घाट दीड तासात संपतो. भागाकार केला तर ८४ वॅट येतात. टायर आणि चेन यांच्यात थोडी ऊर्जा वाया जाते, ती धरून शंभर वॅट म्हणू. थोडा सराव केलेल्या माणसाला एवढी शक्ती तास-दीड तास देता येते.

आता सायकल दोन किलोनं हलकी घेतली तर? ऐंशीतले दोन, म्हणजे अडीच टक्के. दीड तासात फार तर दोन-सव्वादोन मिनिटं वाचतील. त्यासाठी किती हजार रुपये जास्त मोजायचे, ते ज्यानं त्यानं ठरवावं. (निघताना पाण्याची एक बाटली कमी भरली तर जवळपास एक किलो फुकटात वाचतो. अर्थात, उन्हाळ्यात हा प्रयोग करू नये.)

खरी गोम गिअरमध्ये आहे. माझ्या सायकलीच्या पुढच्या लहान चक्राला ३९ दाते होते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला २५. पेडलचा एक फेरा झाला की मागचं चाक ३९ भागिले २५, म्हणजे १.५६ वेळा फिरणार. चाकाचा परीघ २.१ मीटर, म्हणून सायकल एका फेऱ्यात ३.३ मीटर पुढे जाणार. ताशी ८ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३ मीटर. त्यासाठी मिनिटाला जेमतेम ४० फेरे होतात. शंभर वॅटनं दर फेऱ्याला सुमारे १५० ज्यूल द्यावे लागतात. क्रँक १७ सेंटिमीटर लांब असेल तर पाऊल एका फेऱ्यात १.०७ मीटरचं वर्तुळ काढतं. म्हणजे पायानं सरासरी १४० न्यूटन, साधारण १४ किलो वजनाइतका जोर सतत लावायचा. आणि पाय काही वर्तुळात सगळीकडे सारखा जोर लावत नाही. पेडल खाली जाताना हा आकडा दुपटीच्या घरात जातो.

पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असते तर? एका फेऱ्यात २.२ मीटर, मिनिटाला ६० फेरे, आणि जोर साडेनऊ किलोइतका. शक्ती तेवढीच, काम तेवढंच, फक्त ते अधिक लहान हप्त्यांत द्यायचं. गुडघ्यांना हप्ते फार आवडतात! शाळेच्या आवारातल्या साध्या काळ्या सायकलीचे दाते मुलांना मोजायला सांगा. बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ निघतील. त्या सायकलीनं हाच घाट चढायला किती जोर लागेल, ते त्यांनाच काढू द्या.

सपाट रस्त्यावर मात्र वजनाऐवजी हवा आडवी येते. हवेला तोंड द्यायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ताशी २० वरून २५ वर गेलं की ती जवळपास दुप्पट होते. खाली वळलेल्या हँडलचा उपयोग तिथे होतो, कारण वाकलं की वाऱ्याला कमी अंग लागतं. पण पहिल्यांदाच जाणाऱ्यानं फार वाकवणारी सायकल घेऊ नये. पाच-सहा तास तळव्यांवर भार पडला की मनगटाजवळची एक नस दाबली जाते आणि करंगळी-अनामिका बधिर होतात. म्हणून सायकल आपल्या मापाची हवी. सीटवर बसून, पेडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवा; पाय सरळ झाला पाहिजे. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. दुकानाभोवती एक चक्कर मारून हे कळत नाही, निदान अर्धा तास तरी चालवायला मागा.

टायर २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे बसतात का, तेही विचारा. अरुंद, दगडासारखा कडक फुगवलेला टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो आणि त्या उड्यांत ऊर्जा जाते. पंक्चरही जास्त होतात.

आमच्या शिक्षिकेनं शेवटी साडेदहा किलोची, ३४-३२ची सायकल घेतली. किंमत हलकीच्या निम्म्याहून कमी.

राहता राहिली माझी तीन किलोमीटरची पायपीट. शाळेत पोचल्यावर मी ती प्रामाणिकपणे सांगितली आणि तेवढ्या अंतराचे पैसे मागणार नाही म्हटलं. त्यावर आठवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘पण सर, सायकल आणि तुम्ही, दोघंही तेवढीच उंची चढलात ना? मग काम कमी कुठे झालं?’’ देणगीदारांना तिचा मुद्दा कळवला. त्यांनी पूर्ण पैसे दिले.