मृत्यू कमी झाले, पण कशामुळे?

१३ नोव्हेंबर २०२५ला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एक कंटेनर अनावर झाला. दोन अवजड गाड्यांच्या मध्ये एक कार चेपली, आग लागली आणि आठ जीव गेले. तीन वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री, याच उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्या ठोकरल्या होत्या. तेव्हा पाहण्या झाल्या, रम्बलर पट्ट्या आल्या, वेगावर निर्बंध आले. २०२५च्या अपघातानंतर पुन्हा तेच सुरू झाले. मधल्या तीन वर्षांत कोणत्या उपायाने काय साधले, याचा हिशेब मात्र मला कुठे वाचायला मिळाला नाही. म्हणून ज्या रस्त्याचा हिशेब थोडाफार मांडता येतो, त्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे मागे वळून पाहतो आहे.

२००२मध्ये हा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला. पहिली दहा वर्षे बहुतेक कौतुकातच गेली. खरे तर त्याआधीच, फेब्रुवारी २००१मध्ये, वाईहून नाटकाचा प्रयोग करून परतताना अभिनेत्री भक्ती बर्वे याच रस्त्यावर भाताण बोगद्याजवळ अपघातात गेल्या होत्या. महाराष्ट्र हळहळला आणि पुढे निघाला. अपघात झाला की ‘चालकाची डुलकी’, ‘अतिवेग’ असे लिहून कागद मिटायचा.

मग २३ डिसेंबर २०१२ उजाडला. अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांच्या गाडीवर पलीकडचा टेम्पो दुभाजक ओलांडून आदळला. दोघेही गेले, अक्षयचा लहानगा मुलगाही गेला. त्या काळी मी कामासाठी नेहमी मुंबईला जायचो आणि शिवनेरी बसमध्ये पुढची जागा मिळाली की तो दुभाजक सतत डोळ्यांसमोर असायचा. माती, कण्हेरीची झुडपे आणि पलीकडे समोरून येणारी वाहतूक. सुटलेली गाडी अडवू शकेल असे त्यात काहीही नव्हते. या अपघातात मेलेल्यांची कोणती चूक होती? ते आपल्या लेनमध्ये होते. तरीही ‘लोक नीट गाडी चालवत नाहीत’ हेच पालुपद वर्षानुवर्षे चालू राहिले. दुभाजकावर पोलादी दोर लागायला मृतांच्या नातेवाइकांना आणि मित्रांना रेटा लावावा लागला. ती दिरंगाई मी विसरू शकत नाही.

ते दोर जवळून पाहण्यासारखे आहेत. सडपातळ खांबांवर ताणलेल्या चार तारा. गाडी आदळली की खांब वाकतात, तारा गाडीला कवेत घेतात आणि धक्का लांबवर पसरतो. भिंतीवर आपटून जो झटका बसतो, तो टळतो. पण एकदा धडक झाली की खांब बदलून दोर पुन्हा ताणावे लागतात. ते होईपर्यंत तेवढ्या पट्ट्यात दुभाजक जवळपास पूर्वीसारखाच उघडा.

५ जून २०१६ला शेडुंगजवळ रस्त्याकडेला थांबलेल्या दोन गाड्यांवर बस आदळली आणि १७ जण गेले. त्या वर्षी या रस्त्यावर एकूण १५१ मृत्यू झाले. सेव्हलाईफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महिंद्रा आणि महामार्ग पोलीस यांनी ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’ हा उपक्रम हाती घेतला तो याच वर्षी. पुलांच्या उघड्या खांबांपुढे क्रॅश बॅरियर, थांबलेल्या वाहनांवर नजर, फलक, पट्टे, रुग्णवाहिकांची व्यवस्था अशी कामे झाली. अपघाताच्या जागी जाऊन ‘माणूस नेमका कशावर आदळून मेला’ हे विचारले जाऊ लागले. माझ्या मते या रस्त्यावर सर्वांत मोठी सुधारणा झाली ती ही.

२०२०मध्ये मृत्यू ६६वर आले आणि ५६ टक्के घट झाल्याचे सांगितले गेले. हा आकडा मला पटत नाही. २०२०मध्ये टाळेबंदी होती, रस्ता कित्येक आठवडे ओस होता. त्याआधीच्या २०१९चे ९२ मृत्यू धरले, तर घट ३९ टक्के. आणि २०१६मधून शेडुंगचे १७ वजा केले, तर सुमारे ३१. चढलेला ताप कधीतरी उतरतोच, मग श्रेय शेवटच्या गोळीला द्यायचे का? सर्वांत वाईट वर्षापासून मोजायला लागलो, तर काहीही न करतादेखील पुढची वर्षे बरी दिसतात. एझ्रा हाउअर यांनी रस्ता-सुरक्षेच्या ‘आधी आणि नंतर’ तुलनांवर १९९७मध्ये अख्खे पुस्तक लिहिले, त्यातला एक मोठा मुद्दा हाच आहे.

तरीही एकतीस टक्के म्हणजे वर्षाला चाळीसेक माणसे घरी पोचली. ही घट मला खरी वाटते आणि त्यासाठी राबलेल्यांबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण त्यात दोराचा वाटा किती, बॅरियरचा किती, गस्तीचा किती? सगळे उपाय एकाच सुमारास झाले, वाहतूकही वाढत गेली आणि जागावार नोंद लोकांपुढे आली नाही. उदाहरणार्थ, एप्रिल २०२०मध्ये खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. १८३०च्या सुमाराचा तो पूल दिसला की घाट आला असे वाटायचे, त्याची आठवण अजून येते. तिथला अरुंद, वळणाचा रस्ता मोकळा होणे गरजेचे होते, हेही मान्य. मग पूल पाडण्याआधी आणि नंतर त्या वळणावर किती अपघात झाले, हे लोकांना सांगायला काय हरकत आहे?

जुलै २०२४पासून या मार्गावर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली आणि बातम्यांत आकडे येतात ते चलानांचे, दंडाच्या रकमेचे. दंड हवाच. पण किती पावत्या फाटल्या यावरून कोण वाचले ते कळत नाही. दर किलोमीटरला झालेले मृत्यू, वाहनसंख्या आणि तिथे केलेले काम एका तक्त्यात दरवर्षी छापावे, आधीच्या पाच वर्षांसकट. ही माहिती पोलिसांकडे, टोलनाक्यांवर आणि महामंडळाकडे तुकड्यातुकड्यांनी असणारच.

ती एकत्र न आल्याची किंमत दुसऱ्या रस्त्यावर मोजावी लागते. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. १५ ऑक्टोबर २०२३ला वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर एका ट्रकवर आदळून १२ जण गेले. शेडुंगच्या गाड्यांसारखाच तो ट्रकही थांबलेला होता.