सिवान्याचा उरलासुरला शिलारस

राजस्थानात बालोत्र्याच्या दक्षिणेला सिवाना हे तालुक्याचं गाव आहे. वाळूच्या सपाटीतून तांबूस, करडे, उघडेबोडके डोंगर एकदम वर उठलेले दिसतात. आसपासचे लोक त्यांना ‘छप्पन के पहाड’ म्हणतात. गाडीरस्त्यावरून पाहिलं तर ही मारवाडातली आणखी एक डोंगररांग वाटते. उपग्रहाच्या चित्रात मात्र डोंगर लंबगोल कड्यात मांडलेले दिसतात. हे कडं सुमारे 30 किलोमीटर लांब आणि 25 किलोमीटर रुंद आहे. ते एका ज्वालामुखीचं बूड आहे. हा ज्वालामुखी साधारण 75 कोटी वर्षांपूर्वी धगधगत होता. त्याचं शिखर आणि उतार केव्हाच झिजून वाहून गेले.

आज देशाचे भूवैज्ञानिक, खाणकाम खातं आणि मोटारउद्योग या डोंगरांकडे डोळे लावून बसले आहेत, कारण त्यांच्या दगडात निओडिमियम, डिस्प्रोशियम, यट्रियम अशी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं आहेत. माथा शाबूत असता तर हा साठा खोल गाडलेलाच राहिला असता. ऊन, पाऊस आणि वारा यांनी कोट्यवधी वर्षं दगड सोलून काढला, म्हणून तो आपल्या हातोडीच्या टप्प्यात आला.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ज्वालामुखी म्हटलं की सह्याद्रीच्या पायऱ्या आठवतात. आपला बेसाल्ट पातळ लाव्ह्यातून बनला. तो लांबच लांब भेगांतून बाहेर पडला, मैलोगणती पसरला आणि थरावर थर चढत गेले. सिवान्याची गोष्ट वेगळी आहे. इथल्या शिलारसात सिलिकाचं प्रमाण भरपूर होतं. असा रस घट्ट आणि चिकट असतो. त्यातले वायू सहज निसटू शकत नाहीत, दाब साचत जातो आणि शेवटी उद्रेक होतो तो स्फोटानंच. अशा लाव्ह्यापासून ऱ्हायोलाइट हा फिकट किंवा तांबूस दगड बनतो. मुंबईच्या जुन्या इमारतींतला पिवळसर मालाडचा दगड याच सिलिकायुक्त घराण्यातला, पण वयानं सिवान्यापेक्षा कितीतरी तरुण.

सिवान्याचा ज्वालामुखी एकटा नव्हता. जोधपूर, पाली, जालोर, बाडमेर, सिरोही अशा मोठ्या पट्ट्यात त्या काळी उद्रेक झाले. त्यातून बनलेल्या खडकांना ‘मलानी अग्निज समूह’ म्हणतात. मलानी हे बाडमेर भागाचं जुनं नाव. या समूहाचा विस्तार 50 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास धरला जातो आणि सिलिकायुक्त ज्वालामुखी खडकांचा हा भारतातला सर्वांत मोठा प्रदेश आहे. जोधपूरचा मेहरानगड याच खडकावर उभा आहे. पर्यटक वरचे महाल पाहून परततात. पायथ्याशी थांबलात तर तप्त राख स्वतःच्याच उष्णतेनं आणि वजनानं एकजीव होऊन बनलेला ‘वेल्डेड टफ’ पाहायला मिळतो. काही ठिकाणी तो उभ्या खांबांसारखा तडकलेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. मलानीच्या वयाचे ग्रॅनाइट सेशेल्सच्या माहे बेटावर आणि मादागास्करमध्येही आहेत. हे तिन्ही भूभाग त्या काळी एकमेकांशेजारी होते, असं भूवैज्ञानिक मानतात. तेव्हा इथे थरचं वाळवंट नव्हतं. जमिनीवर झाडंझुडपं निर्माण व्हायलाही अजून कोट्यवधी वर्षं लागणार होती. वाळवंट आलं ते फार उशिरा, अगदी परवा म्हणावं इतकं.

आता त्या कड्याकडे. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारसाची कोठी होती. मोठ्या उद्रेकात ती भराभर रिकामी झाली. खालचा आधार गेला, तसं वरचं छत गोलाकार भेगांवर निखळून आत खचलं. अशा खचलेल्या ज्वालामुखीला कॅल्डेरा म्हणतात. त्या गोल भेगांमधून नवा शिलारस वर घुसला. तो पृष्ठभागाशी न पोचता आतच सावकाश थिजला आणि त्याचा ग्रॅनाइट झाला. पुढे झीज सुरू झाली तेव्हा आजूबाजूचा मऊ भाग आधी गेला, कठीण ग्रॅनाइट आणि ऱ्हायोलाइट उभे राहिले. डोंगर कड्याच्या आकारात दिसतात ते त्यामुळे.

सिवान्याचा ग्रॅनाइट नेहमीच्या ग्रॅनाइटसारखा नाही. त्यात सोडियम आणि पोटॅशियम इतकं जास्त आहे की त्यांना फेल्डस्पारमध्ये बांधून ठेवायला लागणारं ॲल्युमिनियम कमी पडतं. उरलेलं सोडियम लोहाबरोबर जाऊन रिबेकाइट आणि एजिरिन अशी खनिजं बनवतं. ताजा फुटलेला तुकडा हातात घेतला की फिकट फेल्डस्पार आणि काचेसारख्या क्वार्ट्झच्या कणांमध्ये काळे-निळे ठिपके आणि काड्या दिसतात. ते रिबेकाइट. त्याच दगडाचा कागदापेक्षा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून फिरवला, तर रिबेकाइट गर्द निळीचा रंग दाखवून पुन्हा फिका पडतो आणि शेजारचा एजिरिन हिरवा चमकतो. ही निळी-हिरवी जोडी दिसली की भूवैज्ञानिक सावध होतो, कारण अशाच दगडाच्या आसपास दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं भेटण्याची शक्यता असते.

असं का, हे समजायला फार लांब जायला नको. बालोत्रा जिल्ह्यातच पचपदऱ्याची मिठाची आगरं आहेत. खारं पाणी उन्हात आटतं तेव्हा आधी मिठाचे खडे धरतात आणि ते ओढून काढल्यावर तळाशी कडू पाणी उरतं. मिठाच्या स्फटिकात ज्यांना जागा मिळाली नाही ते मॅग्नेशियमचे क्षार त्या कडू पाण्यात दाटून राहतात. शिलारस थिजतानाही हेच होतं. पृथ्वीच्या कवचात निओडिमियम काही तांब्यापेक्षा फार कमी नाही, पण ते सगळीकडे विखुरलेलं असतं. या मूलद्रव्यांचे आयन आकारानं मोठे आणि त्यांच्यावरचा विद्युतभार जास्त, त्यामुळे फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ त्यांना आत घेत नाहीत. स्फटिक धरत जातात तशी ती उरलेल्या रसात ढकलली जातात. झिर्कोनियम, निओबियम, थोरियम आणि युरेनियम यांचंही तसंच. सिवान्याच्या रसात फ्लोरीनही होता. फ्लोरीनमुळे रस कमी तापमानालाही वाहता राहतो आणि ही मूलद्रव्यं शेवटपर्यंत विरघळलेली राहतात.

तो शेवटचा, उरलासुरला रस भेगांमध्ये शिरून थिजला. त्याच्या अरुंद भिंती झाल्या, त्यांना डाइक म्हणतात. सिवान्याच्या कड्यात बारीक कणांच्या ग्रॅनाइटचे असे डाइक जागोजागी आहेत. फूलन, रामणिया, भाटीखेडा, दांताला ही गावांची नावं आता संशोधनाच्या अहवालांत वारंवार येतात. डोळ्यांना हे डाइक फारसे वेगळे दिसत नाहीत. शोध लागतो तो किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणानं. साध्या ग्रॅनाइटवरून चालताना काटा संथ असतो आणि डाइकवर पाय पडला की आकडे चढू लागतात, कारण या मूलद्रव्यांच्या सोबतीला थोरियम असतं. नमुने प्रयोगशाळेत नेले की त्यांत मोनाझाइट, बास्टनेसाइट, झिरकॉन अशी खनिजं सापडतात. अणुऊर्जा विभागाच्या अणुखनिज संचालनालयाला बालोत्रा जिल्ह्यात या मूलद्रव्यांचे सुमारे 1 लाख 11 हजार टन ऑक्साइड आढळल्याची माहिती केंद्र सरकारनं संसदेत दिली आहे. हा आकडा जमिनीत असलेल्या मालाचा आहे. बाहेर किती काढता येईल, हा हिशेब वेगळा.

या डोंगरांचं महाराष्ट्राशी एक जुनं नातं आहे, तेही सांगायला हवं. सिवान्याचा किल्ला कड्यातल्याच डोंगरावर आहे आणि 1308 मध्ये अलाउद्दीन खिलजीनं त्याला वेढा घातला होता. छप्पनच्या दऱ्याखोऱ्यांत पुढे दुर्गादास राठोड मोगलांपासून लपून लढला. हाच दुर्गादास 1681 मध्ये औरंगजेबाच्या बंडखोर मुलाला, शहजादा अकबराला, घेऊन संभाजी महाराजांच्या आश्रयाला कोकणात सुधागडाजवळच्या पालीत आला होता. गनिमी लढ्याला आडोसा देणारा हा दगड, तर आज त्याच्याच घराण्यातला जालोरचा ग्रॅनाइट पॉलिश होऊन घरांच्या ओट्यांवर आणि जिन्यांवर बसतो. मलानी समूहातून सध्या लोकांना मिळणारा रोजगार मुख्यत्वे याच धंद्यातला आहे.

भूशास्त्रातलं नातं आणखी जवळचं आहे. बाडमेर भागातच सरणू-दंडाली आणि सिरोहीत मुंडवारा असे आणखी दोन झिजलेले ज्वालामुखी आहेत. ते सिवान्यापेक्षा खूप नवे. 1993 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आसिश बसू आणि सहकाऱ्यांनी त्यांचं वय सुमारे 6 कोटी 85 लाख वर्षं असल्याचं मांडलं. दख्खनचा मुख्य लाव्हा वाहिला तो साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. म्हणजे सह्याद्री घडवणाऱ्या उष्णतेची पहिली चाहूल थरमध्ये लागली होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे आयआयटी मुंबईच्या कांचन पांडे आणि हेतू शेठ यांच्या गटानं मुंडवाऱ्याचे दगड पुन्हा तपासले. त्यातले काही 8 कोटी, तर काही 10 कोटी वर्षांहूनही जुने निघाले. तिथे एकच घटना नव्हती, लांबलचक काळात पुन्हापुन्हा शिलारस वर आला होता. पवईच्या प्रयोगशाळेनं सोपी कथा गुंतागुंतीची केली, आणि माझ्या मते खरी केली. सरणू-दंडाली भागातल्या कामठाईत कार्बोनेटाइट नावाचा, कॅल्साइटनं भरलेला विरळा अग्निज खडक आहे. त्यात लॅन्थेनम, सेरियम, निओडिमियम ही हलकी मूलद्रव्यं दाट प्रमाणात आहेत. सिवान्याचं वैशिष्ट्य असं की तिथे यट्रियम, डिस्प्रोशियम अशी जड मूलद्रव्यंही लक्षणीय आहेत.

हा फरक बाजारात फार मोठा ठरतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींत, पवनचक्क्यांत आणि क्षेपणास्त्रांत निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक लागतात. मोटार तापली की या चुंबकाची ताकद घसरते. थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळलं तर तो तापूनही टिकतो. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट भरपूर आहे आणि ‘आयआरईएल’ ही सरकारी कंपनी त्यातून दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं काढते, पण ती बहुतेक हलकी. जड मूलद्रव्यांसाठी जग चीनवर अवलंबून आहे. एप्रिल 2025 मध्ये चीननं डिस्प्रोशियम आणि टर्बियमसह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. काही महिन्यांतच पुण्यातल्या विजेच्या दुचाकींच्या उत्पादनाला त्याची झळ लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशात असे चुंबक बनवण्यासाठी 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

मग सिवान्याचे डोंगर फोडायला सुरुवात करायची का? इथे घाई नको, असं मला ठामपणे वाटतं. चीन आणि म्यानमारमध्ये जड मूलद्रव्यं मिळतात ती प्रामुख्यानं मऊ चिकणमातीतून. उष्ण, दमट हवेत तिथला ग्रॅनाइट कुजून त्याची माती झाली आणि मूलद्रव्यं मातीच्या कणांना चिकटून राहिली, ती क्षारांच्या द्रावणानंही सुटतात. सिवान्याचा दगड ताजा आणि कठीण आहे. तो आधी फोडायचा, मग पिठासारखा दळायचा, कारण खनिजांचे कण अतिशय बारीक आहेत. चुंबकानं आणि फेसाच्या टाक्यांत तरंगवून ते वेगळे करायचे, आम्लात भाजायचे आणि विरघळवायचे. त्यानंतर एकमेकांसारखीच वागणारी ही मूलद्रव्यं शेकडो टप्प्यांच्या विद्रावक प्रक्रियेतून एकेक करून सुटी करायची. अशा अल्कलीबहुल खडकातून मोठ्या प्रमाणावर उत्पादन होतं त्याचं ठळक उदाहरण म्हणजे रशियाच्या कोला द्वीपकल्पातलं लोवोझेरो, आणि तिथलंही खनिज वेगळं आहे. ग्रीनलंडमधला क्वानेफेल्डचा मोठा साठा युरेनियमच्या प्रश्नावर 2021 पासून अडकून पडला आहे.

थोरियम आणि फ्लोरीन ही सिवान्याची खरी अडचण आहे. मूलद्रव्यं काढून घेतल्यावर मागे राहणारा गाळ किरणोत्सारी असेल, आणि तो पिढ्यान्पिढ्या सांभाळावा लागेल. हा मुलूख लुणी नदीच्या खोऱ्यात येतो. अरवलीत उगम पावणारी ही नदी बालोत्र्यापर्यंत गोडी राखून असते, पुढे ती खारट होत कच्छच्या रणात विरते. बालोत्र्याच्या कापड-रंगाईच्या सांडपाण्यानं तिचे हाल आधीच झाले आहेत. पश्चिम राजस्थानातल्या भूजलात फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे आणि तिथल्या बायका आजही पाण्यासाठी लांब चालतात. दळणाला आणि प्रक्रियेला लागणारं पाणी कुठून आणणार आणि वापरलेलं पाणी कुठे सोडणार, याचं उत्तर खाणीच्या आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवं.

खनिज सापडलं म्हणजे धातू मिळाला, अशी समजूत आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतूनही पसरते. चीननं आघाडी घेतली ती केवळ साठ्यांच्या जोरावर नाही. दशकानुदशकं चिकाटीनं उभी केलेली विलगीकरणाची रसायनशास्त्रीय क्षमता ही तिच्यामागची खरी ताकद आहे. खाणीचे लिलाव वर्षभरात होऊ शकतात, अशी क्षमता वर्षभरात उभी राहत नाही. म्हणून सिवान्याच्या दगडावर आधी छोट्या प्रायोगिक कारखान्यात काम व्हावं. त्यात आपल्या अणुसंशोधन संस्था, आयआयटी आणि विद्यापीठांचे रसायनशास्त्र विभाग यांना पैसा आणि वेळ द्यावा, आणि गाळाची विल्हेवाट सिद्ध झाल्यावरच डोंगराला हात लावावा. फूलन आणि रामणियाच्या ग्रामसभांना खनिजाचा आराखडा त्यांच्या भाषेत समजावून सांगितला जावा, त्यांची संमती घेतली जावी आणि उत्पन्नाचा वाटा त्यांना मिळावा.