शब्दांच्या वाटा : हँड, एल आणि आपला हात

इंग्रजी 'हँड'ला तुर्की शब्द 'एल'. एवढं सांगून शब्दकोश मोकळा होतो आणि इथपर्यंत कुणाची तक्रारही नसते. घोटाळा पुढे सुरू होतो, कारण कुठल्याच भाषेत हात नुसता मनगटाला लटकत नाही. तो मदत करतो, चोरी करतो, मुलीला मागणी घालतो, पत्ते खेळतो, घड्याळात फिरतो. मागच्या आठवड्यात 'हेड' पाहताना आपण इंग्रजीवरून तुर्कीत उतरलो होतो. या वेळी मुद्दाम वाट बदलू. मराठी माणूस तुर्की शिकतो तो बहुधा इंग्रजी पुस्तकातून किंवा इंग्रजी ॲपमधून. मग मनातल्या मनात तो तुर्कीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करत बसतो. हा वळसा किती फुकटचा आहे, ते 'हात' घेतला की लख्ख दिसतं.

केळ्यापासून सुरुवात करू. इंग्रजीत केळ्यांच्या घडातल्या एका फणीला 'हँड' म्हणतात आणि त्यातल्या एकेका केळ्याला 'फिंगर'. तुर्कस्तानात केळी होतात ती दक्षिण किनाऱ्यावर. मेर्सिन प्रांतातलं आनामुर हे गाव त्यासाठी नावाजलेलं आहे. तिथलं केळं आखूड असतं आणि चवीला गोड. तुर्कीतही एकट्या केळ्याला 'पार्माक' म्हणजे बोटच म्हणतात. पण फणीला मात्र 'एल' म्हणत नाहीत, 'ताराक' म्हणतात. ताराक म्हणजे कंगवा, आपली फणी! जळगावचा केळीवाला आणि आनामुरचा केळीवाला यांना एकमेकांची भाषा ठाऊक नाही, पण घडाकडे पाहून दोघांना एकच वस्तू आठवली. 'हँड'मार्गे गेलेल्या विद्यार्थ्याला हे कधी कळणारच नाही.

पत्त्यांतही तसंच. इंग्रजीत 'हँड' म्हणजे आपल्या वाट्याला आलेली पानं. तुर्कीत 'बिर एल ओयनामाक' म्हणजे एक डाव खेळणं, 'एल आल्माक' म्हणजे हात जिंकणं आणि 'एल किम्दे?' म्हणजे 'आता उतारी कुणाची?'. मेंढीकोट किंवा तीन-दोन-पाच खेळत लहानाचे मोठे झालेल्यांना 'हात झाला', 'माझे चार हात' हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्याच 'एल'ने तुर्की माणूस गोळ्याही मोजतो. 'उच एल आतेश एत्ती' असं तिथल्या गुन्हेवृत्तात असतं. शब्दशः 'तीन हात आग केली', म्हणजे तीन गोळ्या झाडल्या. आपण इथे 'फैरी झाडल्या' म्हणतो, आणि ही फैर मात्र इंग्रजी 'फायर'चीच.

आता मदत. 'गिव्ह मी अ हँड' या वाक्यात इंग्रज हात देतो. तुर्क तो टाकतो. 'बिर एल आत' म्हणजे 'एक हात टाक', जरा मदत कर. आपण हात लावतो: 'जरा हात लाव रे' किंवा सभ्य भाषेत 'हातभार लावा'. तिन्ही ठिकाणी नाम तेच, क्रियापद निराळं, आणि चुकायला होतं ते क्रियापदातच. इंग्रजीवरून थेट उचलून कुणी 'एल व्हेर' म्हटलं तर तुर्की ऐकणाऱ्याला त्यात दुसराही एक अर्थ ऐकू येऊ शकतो. 'एल व्हेर्मेक', हात देणं, याचा तिथला जुना अर्थ गुरूने शिष्याला अधिकार देणं असा आहे. सूफी परंपरेत शेख 'हात देतो' आणि शिष्य 'हात घेतो'. गावात मंतरून दुखणं उतरवणारी म्हातारीसुद्धा तो अधिकार कुणाकडून तरी 'हात घेऊन' मिळवते. ट्रंक उचलायला एवढ्याची गरज नाही.

मला सगळ्यांत आवडतो तो 'ॲट हँड'चा तुर्की भाऊ. परीक्षा, निवडणूक, पाऊस जवळ येऊन ठेपला, की इंग्रजीत ते 'हाताशी' येतं. तुर्कीत म्हणतात 'एली कुलाऽन्दा', म्हणजे 'त्याचा हात कानाशी आहे'. (मधला स्वर लांबवला आहे तो तुर्कीतल्या मऊ 'ग'मुळे. हे अक्षर स्वतः ऐकू येत नाही, अलीकडचा स्वर ताणतं. १९२८ साली रोमन लिपी आली तेव्हा त्याच्या डोक्यावर चंद्रकोर ठेवली गेली.) कानाशी हात कुणाचा? मुअज्जिनचा. अजान द्यायला तो उभा राहतो, हात कानाशी नेतो, आणि आता कुठल्याही क्षणी आवाज फुटणार असतो. तो क्षण पकडून तुर्कांनी वाक्प्रचार केला. 'बेबेक एली कुलाऽन्दा' म्हणजे बाळंतपण आज-उद्यावर आलं आहे. आणि आपण? 'दिवाळी तोंडावर आली.' तोंडावर आल्यावर ती लांब उरत नाही, आणि फराळाचं अजून काहीच झालेलं नसतं! इंग्रजीतला हात या दोघांपुढे अगदीच कोरडा वाटतो.

तुर्कीत पाऊल ठेवणाऱ्याला सगळ्यांत आधी शिकवावा असा प्रयोग मात्र इंग्रजीत नाहीच. जेवण झालं की स्वयंपाक करणाऱ्याला म्हणायचं, 'एलिने साऽलक'. एल म्हणजे हात, '-इन' म्हणजे तुझा, '-ए' म्हणजे '-ला', साऽलक म्हणजे आरोग्य. 'तुझ्या हाताला आरोग्य लाभो.' आदरार्थी म्हणायचं तर 'एल्लेरिनिझे साऽलक', तुमच्या हातांना. उत्तर येतं 'आफियेत ओल्सुन', म्हणजे अंगी लागो. इंग्रजी पुस्तकात याचं भाषांतर 'हेल्थ टू युवर हँड्स' असं छापतात आणि विद्यार्थी ते परदेशी नवल म्हणून पाठ करतो. आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. 'तिच्या हाताला चव आहे' हे आपण रोज म्हणतो, आणि तुर्कीतही 'एलिनिन लेझ्झेती' अशी हाताची चव असतेच. शिवाय प्रत्यय बघा: हात, मग तुझा, मग ला. शब्दाच्या मागे एकेक डबा जोडत जायची ही पद्धत आपल्याला अंगवळणी पडलेली आहे. क्रियापद शेवटी येतं, 'तू' आणि 'तुम्ही' यांना 'सेन' आणि 'सिझ' असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीच्या एकाच 'यू'मधून गेलात तर हा फरक हरवतो.

हे फक्त जेवणापुरतं नाही. शिंप्याने कपडा चांगला शिवला, सुताराने दार नीट बसवलं, मुलाने चित्र काढलं, तरी 'एलिने साऽलक'. आपल्याकडे अशा वेळी 'छान झालंय' म्हणतात. ते कामाचं कौतुक, हे हाताचं.

हाताचा मान पत्रातही. जुन्या तुर्की घरगुती पत्राचा शेवट ठरलेला: 'ब्युयुक्लेरिन एल्लेरिन्देन, क्युच्युक्लेरिन ग्योझ्लेरिन्देन ओपेरिम'. मोठ्यांच्या हातांचं आणि लहानांच्या डोळ्यांचं चुंबन घेतो. 'वडील मंडळींस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद' याचं हे सख्खं भावंड. सणाच्या दिवशी तुर्की घरात लहान माणूस वडीलधाऱ्यांचा हात ओठांना आणि मग कपाळाला लावतो. आपण वाकून पायांना हात लावतो, ते हाताला ओठ लावतात; त्यानंतर खिशात पैसे किंवा चॉकलेट पडण्याची आशा दोन्हीकडे सारखीच.

इंग्रजी मुलगा मुलीचा 'हात मागतो'. तुर्की घरात मुलाकडची वडील मंडळी जातात आणि 'अल्लाची आज्ञा आणि पैगंबरांचा कौल' यांना स्मरून मुलगी 'मागतात'. तिथला 'काव्हिल' आणि आपला 'कौल' हे एकाच अरबी शब्दाचे वंशज. क्रियापद 'इस्तेमेक', म्हणजे सरळ मागणं. आपणही मागणीच घालतो, नुसत्या हाताची नव्हे, सबंध मुलीची. मुलगी पाहुण्यांना कॉफी आणते आणि नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालते. त्याने ती चेहरा न बदलता प्यायची. आपल्या कांदेपोह्यांत ही सोय नाही, याची हळहळ बऱ्याच मुलींना वाटेल.

काही अर्थ भराभर. 'सेकंड हँड' वस्तू म्हणजे 'इकिन्जी एल', शब्दाला शब्द. जरा घरगुती बोलायचं तर 'एल्देन द्युश्मे', कुणाच्या तरी हातून खाली पडलेली. 'रेड हँडेड'मध्ये तुर्की हात नाही, 'सुचुस्तु' आहे, म्हणजे गुन्ह्याच्या माथ्यावरच. आपलं 'मुद्देमालासकट' त्याच्या जवळचं. जहाजावरचे 'हँड्स' म्हणजे 'तायफा', आणि आपल्या मंत्र्यांचा ताफा त्याच अरबी घरातला. मुरलेला 'ओल्ड हँड' तुर्कीत 'एस्की कुर्त' होतो, म्हातारा लांडगा. घोड्याची उंची मोजायचा इंग्रजी 'हँड' चार इंचांचा असतो. आपला हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, साधारण अठरा इंच. पंधरा 'हँड' उंचीचा घोडा पाच फुटांचा; त्याचं मराठी करताना 'पंधरा हात' लिहिलंत तर घोडा दोन मजले चढेल.

घड्याळातल्या 'हँड्स'साठी मात्र थांबायला हवं. आपल्याकडे दोन्ही काटेच. तुर्कीत तास काट्याला 'आक्रेप' म्हणजे विंचू म्हणतात आणि मिनिट काट्याला 'येल्कोव्हान', वाऱ्याचा पाठलाग करणारा. बॉस्फरसवर पाण्याला लगटून थव्याने उडणाऱ्या एका समुद्रपक्ष्याचंही नाव हेच आहे. विंचू सरपटतो, पक्षी सुसाट जातो. काट्यांना इतकी नेमकी नावं दुसऱ्या कुठल्या भाषेत दिली असतील तर मला ती पाहायला आवडतील.

आता सावधगिरीच्या जागा, कारण तुर्की जवळची वाटू लागली की पाय घसरतो. 'एल आल्तन्दा' म्हणजे हाताखाली, पण अर्थ 'हाताशी, जवळच'. 'माझ्या हाताखाली चार माणसं आहेत' हा आपला अर्थ त्यात धरू नका. शेवटी एक 'न' वाढून 'एल आल्तन्दान' झालं की व्यवहार चोरून झाला. 'एली उझुन', लांब हाताचा, म्हणजे चोर. वरपर्यंत हात पोचलेला वजनदार माणूस नव्हे. आणि सगळ्यांत मोठा चकवा म्हणजे टाळी. 'बिर एलिन नेसी व्हार, इकी एलिन सेसी व्हार' : एका हाताकडे काय आहे, दोन हातांकडे आवाज आहे. ऐकल्याबरोबर आपल्या तोंडी येतं, 'एका हाताने टाळी वाजत नाही'. चित्र तेच, रोख उलटा. आपण हे भांडणात म्हणतो, दोष दोघांचा आहे हे सुचवायला. तुर्क म्हणतो ते एकजुटीसाठी, चला मिळून करू या अर्थाने. तुर्की मित्र श्रमदानाला बोलावत असेल आणि तुम्हाला वाटेल की टोमणा मारतोय.

राहता राहिला दुसरा 'एल'. लिहायला तसाच, पण याचा हाताशी संबंध नाही. हा 'एल' म्हणजे परका, लोक. 'एलालेम ने देर?' म्हणजे 'लोक काय म्हणतील?'. त्यातला 'आलेम' आपल्या 'आलम दुनिये'तला. हा प्रश्न मराठी मध्यमवर्गाने एकट्याने शोधून काढला, असा कुणाचा समज असेल तर तो सोडावा. याच 'एल'ची एक म्हण आहे: परका माणूस परक्याचं गाढव गाणी म्हणत शोधतो. म्हणजे ज्याचं हरवलं त्यालाच घोर, बाकीचे मजेत. आठव्या शतकातल्या ओर्खोन शिलालेखांत 'एल' येतो तो राज्य, राष्ट्र या अर्थाने. त्या घराण्यातून दूत या अर्थाचा 'एल्ची' आला, आणि तो फारसीमार्गे मराठी दप्तरांत 'एलची' म्हणून येऊन बसला. म्हणजे तुर्कीचा पहिला धडा आपण पेशव्यांच्या कागदपत्रांतच गिरवला होता, तोही इंग्रजीच्या मदतीशिवाय.

पुढच्या आठवड्यात 'आय', म्हणजे डोळा, तुर्कीत 'ग्योझ'. तोवर एक काम करा. शिवाशिवी खेळताना तुर्की मुलं दुसऱ्याला शिवून 'एलिम सेन्दे' म्हणतात, 'माझा हात तुझ्यावर'. तुमच्या गावी राज्य देताना काय ओरडायचे, ते गावाच्या नावासह कळवा.