समतेची मोजणी (लेखांक 7) : दहा वर्षांत निम्म्या बायका कुठे गेल्या?

1961च्या जनगणनेत देशभरात जेवढ्या स्त्रिया ‘काम करणाऱ्या’ म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या 1971च्या जनगणनेत दिसेनाशा झाल्या. दरम्यान लोकसंख्या चांगलीच वाढली होती. शेती बंद पडलेली नव्हती. पुरुषांच्या आकड्यात अशी पडझड कुठेच नव्हती. बदललं होतं ते प्रगणकाच्या हातातल्या कागदावरचं एक वाक्य.

1961चा नियम सैल होता. शेतीसारख्या हंगामी कामात हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त नियमित काम केलं, तर ती व्यक्ती काम करणारी. 1971मध्ये विचारलं गेलं, मुख्य काम काय? खुरपणी आटोपून घरी येऊन चूल पेटवणाऱ्या बाईचं मुख्य काम काय, याचं उत्तर ओट्यावर बसलेला सासरा काय देणार? ‘घरकाम.’ संपलं. तिचे शेतातले तास दुय्यम रकान्यात गेले आणि ती काम न करणाऱ्यांत जमा झाली.

क्लॉडिया गोल्डिन यांच्याबद्दल मागच्या लेखांकात वाचलंत. अमेरिकेच्या जुन्या नोंदींत विवाहित स्त्रीच्या व्यवसायापुढे बऱ्याचदा नुसतं ‘पत्नी’ असं लिहिलेलं असे. त्या नोंदींमागचं काम उकरून काढण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि 2023मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे हाच उद्योग त्याच्या किती तरी आधी सुरू झाला होता. त्याची वाहवा फारशी झाली नाही, एवढंच.

सुरुवात सरकारी समितीने झाली. संयुक्त राष्ट्रांना देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल द्यायचा होता. 1971च्या सप्टेंबरात फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. राज्यघटनेने समान हक्क दिलेत, मुली शिकताहेत, इंदिराबाई पंतप्रधान आहेत, तेव्हा अहवाल गोडच निघणार असा सर्वसाधारण समज. निघालं उलटंच. 1901मध्ये दर हजार पुरुषांमागे 972 स्त्रिया होत्या, त्या 1971मध्ये 930वर आल्या होत्या आणि कामकरी स्त्रियांची संख्या घसरत होती. 1974 संपता संपता ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ नावाने हा अहवाल सादर झाला. त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्रियांच्या अभ्यासासाठी संशोधन केंद्र उभं केलं. देशातलं ते पहिलं.

समितीने दुखणं दाखवलं, पण घसरण खरी किती आणि कागदावरची किती, हा गुंता तसाच राहिला. तो सोडवायला देवकी जैन आणि त्यांचे सहकारी 1976-77मध्ये राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या सहा खेड्यांत गेले. त्यांची पद्धत साधी आणि अतिशय कष्टाची होती. काय करता असं न विचारता माणूस दिवसभर काय करतो, कोणत्या कामाला किती वेळ जातो, हे टिपत बसायचं. ज्या बाईपुढे ‘गृहिणी’ लिहिलेलं असे, ती गवत कापत होती, गुरं राखत होती, मळणीला होती, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करत होती. पुढे उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात रिचर्ड अँकर, एम. ई. खान आणि आर. बी. गुप्ता यांनी याच्याही पुढची पायरी गाठली. गावं तीच, प्रश्न मात्र वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिले. नुसतं ‘काम करता का’ विचारलं की आकडा एक येई, शेण-गोठा-शेत अशी कामांची यादी वाचून दाखवली की दुसराच येई. आणि ‘काम’ कशाला म्हणायचं ती व्याख्या बदलली की स्त्रियांचा सहभाग नगण्यापासून थेट बहुसंख्येपर्यंत उड्या मारत असे. माझ्या मते या विषयावरच्या भारतीय संशोधनातला हा सगळ्यात उपयोगी प्रयोग आहे, आणि तो सगळ्यात कमी वाचला गेलाय.

याचा परिणाम जनगणनेवर झाला, सावकाश. 1981मध्ये ‘मुख्य’ आणि ‘सीमांत’ असे कामकऱ्यांचे दोन वर्ग आले. वर्षात 183 दिवस भरले तर मुख्य, नाही तर सीमांत. 1991मध्ये प्रश्नातच शब्द घातले गेले, घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरा. स्त्री-संघटनांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. चार-पाच शब्दांसाठी वीस वर्षं गेली.

रोजगाराच्या सरकारी सर्वेक्षणांची वेस तरीही चमत्कारिकच आहे. घरच्या खाण्यापुरता भात लावलात, तर ते आर्थिक काम. तोच भात कांडून, निवडून, शिजवून वाढलात, तर नाही. ही रेघ शिवारातून चुलीकडे येणाऱ्या वाटेवर मध्येच कुठे तरी मारलेली आहे. तिच्या पलीकडच्या कामाचा हिशेब लावायचा तर एकच मार्ग उरतो, वेळ मोजणं. 1998-99मध्ये सहा राज्यांत पहिलं मोठं वेळ-वापर सर्वेक्षण झालं. हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओडिशा, तमिळनाडू आणि मेघालय. महाराष्ट्र नव्हता. इंदिरा हिरवे त्याच्या तांत्रिक समितीच्या प्रमुख होत्या. देशभराचं सर्वेक्षण व्हायला 2019 उजाडलं. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात काय केलं याची नोंद.

त्यातला एक आकडा तुम्ही ऐकला असेल. घरकामात बायकांची 299 मिनिटं जातात आणि पुरुषांची 97. भाषणांत, अग्रलेखांत तो सर्रास येतो आणि बहुतेक वेळा चुकीचा वाचला जातो. 97 मिनिटं ही सगळ्या पुरुषांची सरासरी नाही. त्या दिवशी ज्यांनी घरकामाला हात लावला, फक्त त्यांची आहे, आणि असे पुरुष होते शंभरात 26. स्त्रियांत हे प्रमाण 81 होतं. उरलेले 74 पुरुष शून्य धरून सगळ्यांची सरासरी काढली, तर पुरुषाच्या वाट्याला दिवसाला 25 मिनिटं येतात आणि स्त्रीच्या वाट्याला सुमारे 243. म्हणजे तिप्पट म्हणून गाजलेला फरक प्रत्यक्षात दहापटीच्या जवळ जातो. 2024मध्ये हे सर्वेक्षण पुन्हा झालं. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा वेळ 289 मिनिटांवर आला. आनंद मानायच्या आधी पुढचा रकाना बघावा. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा वेळही 97वरून 88वर उतरलाय. तिची दहा मिनिटं वाचली ती त्याने उचलली म्हणून, असं काही या आकड्यांतून निघत नाही.

या मोजणीची एक मर्यादाही सांगायला हवी. एकाच अर्ध्या तासात भाजी फोडणीला, पोर काखेत आणि सासूबाईंच्या औषधाकडे लक्ष असेल, तर त्यांतलं एक मुख्य ठरवावं लागतं. ‘मुख्य काम काय’ हा 1971चा प्रश्न इथे मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

हे आकडे न्यायालयात पोचले, तिथली हकिकत जास्त रंजक आहे. अपघातात गृहिणी गेली तर भरपाई किती? मोटार वाहन कायद्याच्या 1994मध्ये जोडलेल्या परिशिष्टात याचं उत्तर होतं. कमाई नसलेल्या पत्नीचं उत्पन्न म्हणून हयात पतीच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश धरावा. कारकुनाच्या बायकोची पोळी त्यामुळे स्वस्त आणि इंजिनिअरच्या बायकोची महाग. जमशेदपूरला 1989मध्ये लागलेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001मध्ये गृहिणीच्या सेवेचं मोल महिना 3 हजार रुपये ठरवलं. 2010मध्ये न्या. सिंघवी आणि न्या. गांगुली यांच्या पीठाने जनगणनेलाच फटकारलं, कारण 2001च्या वर्गवारीत घर सांभाळणाऱ्या स्त्रिया भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीला बसवल्या होत्या. आणि जानेवारी 2021मध्ये दिल्लीतल्या एका अपघाताच्या खटल्यात न्या. रमणा यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात 299 आणि 97 हे आकडे थेट उद्धृत करून सांगितलं, की गृहिणीचं उत्पन्न धरणं ही मेहेरबानी नव्हे. सर्वेक्षणाचा अहवाल येऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. संशोधन इतक्या लवकर कुणाच्या नुकसानभरपाईच्या हिशेबात उतरल्याचं उदाहरण विरळाच. खटकतं एवढंच, की तिच्या श्रमाला किंमत मिळते ती ती गेल्यावर, आणि तीही वारसांना.

जिवंतपणी काय? सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग 2017-18मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24मध्ये 41.7 टक्के झाला. सहा वर्षांत एवढी उडी! या आकड्यावरून अर्थतज्ज्ञांत जुंपली आहे. वाढ बरीचशी ग्रामीण भागातली आणि स्वयंरोजगारातली आहे. काम करणाऱ्या स्त्रियांत दर तीन जणींमागे एकीहून जास्त ‘घरच्या धंद्यातली मदतनीस’ या वर्गात मोडतात. त्यांना पगार नसतो. पूर्वी जी बाई गृहिणी म्हणून सोडून दिली जायची, ती आता मदतनीस म्हणून धरली जात असेल, तर मोजणी सुधारली. ती खरोखर नव्याने शेतात उतरली असेल, तर घरातली कमाई पुरेनाशी झाली असेल. दोन्ही थोडं थोडं खरं असावं असं मला वाटतं. तिच्या हातात पैसा आला, असं मात्र या 41.7वरून म्हणता येत नाही.

पैसा हातात येण्याची गोष्ट महाराष्ट्राने एकदा जवळून पाहिलीय. 1972च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर बायका ज्या संख्येने खडी फोडायला, माती वाहायला आल्या, त्याने अधिकारी चकित झाले. गोखले इन्स्टिट्यूटच्या कुमुदिनी दांडेकर यांनी 1983मध्ये या योजनेचा अभ्यास स्त्रियांच्या अंगाने केला. काम गावाजवळ असेल, मागितलं की मिळत असेल, तर ‘आमच्यात बायका बाहेर कामाला जात नाहीत’ हे वाक्य फार टिकत नाही.

पण त्याच महाराष्ट्रात ऊसतोडीचा करार बघा. बीडहून, मराठवाड्यातून कारखान्यांकडे निघणाऱ्या टोळीत मोजणीचं एकक माणूस नसतं, ‘कोयता’ असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतो पुरुष, हिशेब होतो त्याच्याशी. ती पहाटे उठून कोपीत भाकऱ्या बडवते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एक दिवस पडून राहिली तर खाडा, आणि खाड्याचा दंड जोडीला. पाळीच्या त्रासाने खाडे नकोत, या भीतीचं काय होऊ शकतं ते 2019मध्ये राज्याला कळलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार स्त्रियांची माहिती गोळा केली. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. मोजल्यामुळे निदान एक झालं, जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’च्या कार्यकर्त्या यापुढचं मागताहेत. तिची नोंदणी वेगळी हवी, ओळखपत्र तिच्या नावाचं हवं. करारात अजूनही जोडीचा एकच कोयता लिहिला जातो.

पुढच्या आठवड्यात गावाच्या कारभाराकडे वळू. सरपंचपद चिठ्ठी टाकून स्त्रियांसाठी राखीव झालं, तेव्हा गावात विहिरी-नळांवर जास्त खर्च झाला का, हे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानात तपासलं होतं.