शिकारी जातीचें पिल्लूं आणि शेतकऱ्याची वस्ती

कुत्रा हा शेतकऱ्याच्या दारचा फार जुना सोबती आहे. खळें राखणें, मेंढरांचा वाडा संभाळणें, परक्या माणसाची चाहूल देणें, हीं कामें आपल्याकडील गांवठी कुत्रा पिढ्यान् पिढ्या न शिकवितां करीत आला. अलीकडे मात्र आपल्या जिल्ह्यांत (सन २०२४ मध्यें ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या अहमदनगर जिल्ह्यांत) मळ्यावरील वस्त्यांवर लॅब्रॅडॉर जातीचीं पिल्लेंही दिसूं लागलीं आहेत. पिल्लूं गोजिरवाणें असतें, मुलांना आवडतें, म्हणून तें आणलें जातें. वर्षभरांत त्याचा तीस किलोंच्या घरांतला जोरदार कुत्रा होतो. त्याला शिक्षण नसेल तर तो कोंबड्यांवर झडप घालतो, शेजाऱ्याच्या वाफ्यांतून धांवतो, सशामागें लागला म्हणजे हांक ऐकत नाहीं. आणि शेवटीं त्या बिचाऱ्याला जन्मभर साखळीला बांधून ठेवण्याची पाळी येते. हा दोष कुत्र्याचा नव्हे. ज्या कामासाठीं ती जात तयार झाली, त्या कामाचें शिक्षण त्याला मिळालें नाहीं, हें त्याचें कारण आहे. तें शिक्षण कोणतें व आजच्या काळीं त्यांतील किती घ्यावें, याचा विचार या लेखांत करूं.

जातीची ओळख

नांव लॅब्रॅडॉर असलें तरी या जातीचे पूर्वज उत्तर अमेरिकेजवळील न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळी लोक ते कुत्रे होड्यांवर ठेवीत. थंड पाण्यांत उडी घेऊन जाळ्यांचे दोर व निसटलेले मासे आणणें हें त्यांचें काम. एकोणिसाव्या शतकांत जहाजांबरोबर ते ब्रिटनमध्यें गेले व माम्सबरी आणि बक्लू या सरदार घराण्यांनीं त्यांची निपज जपली. सन १९०३ मध्यें तेथील केनेल क्लबनें या जातीस स्वतंत्र मान्यता दिली. अंगावर दुहेरी केंसांचें पाणी न शिरणारें आवरण, जाड शेपूट, आणि काळा, पिवळा वा चॉकलेटी रंग, ही तिची ओळख.

शिकारींत या कुत्र्याचें काम काय होतें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. तो सावजाचा पाठलाग करीत नसे. बंदूकवाल्याच्या पायाशीं तो मुकाट्यानें बसे, पडलेला पक्षी कोठें पडला तें ध्यानांत ठेवी, हुकूम झाला म्हणजेच जाई, नाकानें शोध घेई, आणि दांत न रुतवितां पक्षी आणून मालकाच्या हातांत देई. आपल्या दख्खनचा कारवानी कुत्रा व मुधोळचा प्रसिद्ध कुत्रा यांची रीत याच्या अगदीं उलट. ते नजरेनें सावज हेरतात व वाऱ्याच्या वेगानें त्याला गांठतात. दोघांनाही आपण शिकारी कुत्रेच म्हणतों. परंतु एकाचा गुण वेग आणि दुसऱ्याचा गुण संयम. पिल्लूं आणतांना हा भेद ज्यानें ओळखला, त्याचें अर्धें काम झालें.

कायदा काय सांगतो

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांत शिकारीस बंदी आहे, आणि त्या कायद्यांतील 'शिकार' या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणें एवढाच नाहीं. वन्य प्राण्याला पकडणें, हांकणें, त्याच्या मागें कुत्रे सोडणें, किंवा तसा प्रयत्न करणें, हें सर्व शिकारींतच मोडतें. ससा, तित्तर, लावा हेही संरक्षित आहेत. काळवीट तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत असून त्याच्या शिकारीस कमींत कमी तीन व जास्तींत जास्त सात वर्षांची कैद आणि शिवाय दंड सांगितला आहे.

आपल्या जिल्ह्यास ही गोष्ट दूरची नाहीं. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें सन १९८० पासून काळविटांचें अभयारण्य आहे. त्याचें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. म्हणजे काळवीट त्या कुंपणांत मावणारे नव्हेत, ते भोंवतालच्या ज्वारी-हरभऱ्याच्या रानांतही येतात. पिकाची नासाडी झाली तर वनखात्याकडे अर्ज करावा; कुत्रा सोडणें हा त्यावरील उपाय नव्हे. कळपामागें धांवलेला कुत्रा गाभण माद्यांना व पाडसांना घातक होतो, आणि जाब मालकाला द्यावा लागतो.

मग शिकारी कुत्र्याचें शिक्षण आज निरुपयोगी झालें काय? आमचें मत याच्या उलट आहे. बसणें, थांबणें, हांकेसरशीं येणें, शोधणें, आणून देणें, हे त्या शिक्षणाचे पांच भाग. आणि त्यांतील एकाही भागास प्राणी मारण्याची गरज नाहीं. याच नाकाचा व याच संयमाचा उपयोग पोलीस खातें करितें. मुंबईंत सन १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळीं पुण्यास शिकून तयार झालेल्या 'जंजीर' नांवाच्या लॅब्रॅडॉरनें तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढण्यास मदत केली. तो सन २००० मध्यें वारला. सावज सोडून त्याच गुणाला दुसरें काम दिलें, एवढाच काय तो फरक.

निवड, आहार व आरोग्य

आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं घेऊं नये. सन २०१७ च्या नियमांप्रमाणें तसें विकणेंही मना आहे. शिवाय आई व भावंडांबरोबर राहून जोरानें न चावण्याची जी संवय पिल्लास लागते, ती पुढें माणसास लावतां येत नाहीं. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. ती भित्री किंवा अंगावर येणारी असेल तर पिल्लूं कितीही देखणें असलें तरी घेऊं नये. या जातींत मागच्या पायांच्या खुब्याचा दोष आनुवंशिक असतो, म्हणून आईबापांची चाल कशी आहे हें पाहावें.

दुसऱ्या महिन्यांत दिवसांतून चार वेळां, चार महिन्यांनंतर तीन वेळां व सहा महिन्यांनंतर दोन वेळां खाणें द्यावें. नुसत्या दूध-भाकरीवर वाढणारें शरीर नीट भरत नाहीं. अंडें, शिजविलेलें मांस किंवा चांगलें तयार खाद्य त्याबरोबर हवें. शिजविलेलीं हाडें देऊं नयेत. त्यांच्या अणकुचीदार काड्या होऊन आंतड्यांस इजा करितात. आपला जिल्हा कांद्याचा, म्हणून विशेष सूचना अशी कीं, कांदा कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करितो. कालवणाचा उरलेला रस्सा त्याच्या भांड्यांत ओतण्याची रीत सोडावी. द्राक्षें व मनुकाही तशींच घातक. लॅब्रॅडॉर हा मोठा खादाड असतो. तो मागतो तितकें दिल्यास लठ्ठ होतो व सांधे लवकर निकामी होतात. हात फिरवितांच बरगड्या लागाव्या, हें योग्य अंगाचें माप.

जंतांचें औषध तीन महिन्यांचें होईपर्यंत दर पंधरवड्यास व पुढें सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावें. डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनीं सोळाव्या आठवड्यापर्यंत पुरी करावी. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यांत, नंतर एकदां पुन्हां, आणि मग दरसाल. रेबीजचीं लक्षणें दिसूं लागल्यावर त्यावर इलाज नाहीं. म्हणून कोणताही कुत्रा चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. गोठ्याजवळ राहणाऱ्या कुत्र्यास गोचीड फार लागतात व त्यांपासून ताप येतो. कान, बोटांच्या बेचकी व मान रोज तपासावी.

शिक्षणाचा क्रम

पहिला नियम असा कीं, हुकूम देणारा एक असावा आणि शब्द ठरलेले असावे. वडील 'बस' म्हणतात, मुलगा 'खालीं' म्हणतो व गडी नुसता ओरडतो, अशानें पिल्लूं गोंधळून जातें. दुसरा नियम असा कीं, पाठ पांच ते दहा मिनिटांचा, दिवसांतून दोनदां, खाण्यापूर्वीं. तिसरा नियम असा कीं, बक्षीस त्याच क्षणीं मिळावें. घटकेनें दिलेलें बक्षीस कशाचें, हें कुत्र्यास कळत नाहीं. मारहाण करूं नये. मार खाल्लेला कुत्रा हात पाहून दूर पळतो, आणि दूर पळणारा कुत्रा हांकेला कसा येणार?

दोन ते चार महिने: या वयांत नांव ओळखणें, हांकेला येणें व बसणें एवढेंच शिकवावें. याच काळांत ट्रॅक्टर, मोटरपंप, बैल, कोंबड्या, मुलें, बाजारांतला गलबला यांची ओळख हळूहळू करून द्यावी. या वयांत जें पाहिलें त्याची भीति पुढें वाटत नाहीं. आलेल्या पिल्लास कधींही रागावूं नये. उशिरा आलें तरी शाबासकीच द्यावी.

चार ते सहा महिने: या सुमारास दांत बदलतात व हिरड्या दुखतात, कठीण वस्तु तोंडांत धरावयास लावूं नये. बैलाचा एखादा जुना लांब कासरा पट्ट्यास बांधावा व मोकळ्या रानांत हांक मारावी. न आल्यास कासरा हलकेच ओढावा, आल्यावर खाऊ द्यावा. हांक व शिट्टी दोन्हींची संवय लावावी. वाऱ्यांत शिट्टी लांबवर ऐकूं जाते. कासऱ्यावर शंभर वेळां आल्याखेरीज मोकळें सोडूं नये.

सहा महिन्यांनंतर: आतां आणून देण्याचा पाठ. गोणपाटाची हातभर लांबीची गुंडाळी सुतळीनें आवळून बांधावी. घराच्या बोळांत, जेथें पळून जाण्यास वाट नाहीं अशा जागीं, ती चार पावलांवर टाकावी. पिल्लूं ती घेऊन आपोआप आपल्याकडेच येईल. त्याच्या मागें धांवूं नये. मागें धांवलें कीं त्यास तो खेळ वाटतो. तोंडांतून हिसकावूंही नये. त्यानें दांत घट्ट रोवण्याची खोड लागते. खाऊ पुढें करून 'दे' म्हणावें.

हें साधलें कीं मुख्य पाठ, तो थांबण्याचा. कुत्र्यास बसवून पट्टा धरावा व गुंडाळी टाकावी. मनांत दहा मोजून मग 'जा' म्हणावें. आणि महत्त्वाची गोष्ट ही कीं, टाकलेल्या गुंडाळ्यांपैकीं निम्म्या आपण स्वतः चालत जाऊन उचलाव्या. पुढें धांवणारी प्रत्येक वस्तु आपल्यासाठीं नाहीं, हें त्याच्या मनांत याच रीतीनें ठसतें. पुढें हाच पाठ कोंबड्यांच्या जवळ, मग मेंढरांच्या जवळ, कासरा बांधूनच द्यावा. बांधावरून ससा उठला असतां जो कुत्रा 'बस' म्हणतांच बसतो, तो शिकला असें समजावें. त्यानंतर गुंडाळी गवतांत लपवून नाकानें शोधावयास लावावी. हें काम त्याला खाण्याइतकेंच प्रिय होतें.

वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत उंच उड्या, मोटारसायकलीमागें धांवविणें व लांबची दौड टाळावी. हाडें अजून पक्कीं झालेलीं नसतात.

आपल्याकडील तीन धोके

ऊन: या कुत्र्याची लोंकर थंड पाण्यासाठीं आहे, आपल्या वैशाखासाठीं नव्हे. उन्हाळ्यांत पाठ सूर्योदयापूर्वीं किंवा दिवेलागणीनंतर द्यावा. जीभ बाहेर काढून जोरानें धापा टाकीत तोल जाऊं लागल्यास तत्काळ सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा व डॉक्टरांस बोलवावें.

शेततळें: पाण्याची ओढ या जातींत जन्मजात आहे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांत उतरलेल्या कुत्र्यास वर येतां येत नाहीं. तो कितीही चांगला पोहणारा असला तरी थकून बुडतो. तळ्याला कुंपण असावें, आणि काठाला बांधलेले जाड दोर किंवा टायरांची माळ पाण्यापर्यंत सोडलेली असावी. माणसाच्या जिवासही तिचा उपयोग होतो.

बिबट्या: अकोले तालुक्यांतील शेतीच्या पट्ट्यांत बिबट्याच्या आहाराचा जो अभ्यास सन २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत भक्ष्याच्या एकूण वजनांत पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के व त्यांपैकीं एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के आढळला. यावरून रात्रीं अंगणांत साखळीला बांधलेला कुत्रा राखण करीत नाहीं, तर बिबट्यास दारीं बोलावतो, हें उघड आहे. रात्रीं त्यास खोलींत किंवा वरूनही जाळी ठोकलेल्या भक्कम खुराड्यांत ठेवावें. लॅब्रॅडॉर हा मुळांत स्नेहाळ प्राणी. तो भुंकून वर्दी देईल, पण राखणदार म्हणून त्यावर भरवसा ठेवूं नये. ज्यास केवळ राखण हवी, त्यानें गांवठी पिल्लूंच संभाळावें; तें आपल्या उन्हास व भाकरीस सरावलेलें आहे.

सारांश, ज्याच्याजवळ रोज वीस मिनिटें सवड आहे, रात्रीं कुत्र्यास आंत घेण्याची जागा आहे, आणि दहा-बारा वर्षें त्याचा भार वाहण्याची तयारी आहे, त्यानेंच हें पिल्लूं आणावें. शिकारीचा काळ गेला, तो परत येणार नाहीं व येऊंही नये. पण त्या काळानें घडविलेला प्राणी आपल्या दारीं आला आहे. त्याला धांवण्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. थांबण्यास शिकवावें लागतें. तेवढें ज्यानें शिकविलें, त्याचा कुत्रा मोकळा राहील, रानांतले जीव सुखरूप राहतील, आणि शेजाऱ्याशीं भांडणाचें एक कारणही कमी होईल.