काँक्रीटला पाणी किती?
काँक्रीट कठीण होते ते वाळून नव्हे, तर सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगाने. ५० किलोच्या गोणीला त्यासाठी सुमारे १२ लिटर पाणी पुरते. मिश्रण साच्यात नीट बसावे म्हणून आपण जवळजवळ दुप्पट घालतो. जादा पाणी उडून गेले की छिद्रे उरतात. ताकद घटते, ओल व क्षार शिरून सळया गंजतात. म्हणून किनाऱ्यावरील खाऱ्या हवेतल्या सळईच्या काँक्रीटला भारतीय मानक ४५६ (२०००) गोणीमागे साडेबावीस लिटरची मर्यादा घालते.

मग सिमेंट वाढवावे का? ते महाग, आणि अति झाले तर तडे जातात. वर्गात बरणीभर खडीत किती पाणी मावते ते मोजू. मग तिच्या फटींत वाळू बसवून पुन्हा मोजू. पाणी कमी मावेल. पोकळी जेवढी कमी, तेवढे सिमेंट व पाणी दोन्ही वाचतात.