ट्रॅक्टरच्या मीटरला उजेड
सभासद बंधूंनो,
गळीत हंगामात ऊस वाहतूक रात्रभर चालते. अंधारात ऑईल व टेंपरेचरचा काटा दिसला नाही, तर इंजिन तापलेले कळत नाही आणि हेड उतरवायची पाळी येते. उजेडाची डायल बसवायची असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी.

२) डायल आपल्याच मीटरच्या मापाची व आकड्यांची घ्यावी. आकडे सरकले की काटा बरोबर असूनही खोटे सांगतो.

३) काटा काढण्यापूर्वी तो थांबतो तिथे खूण करावी व तिथेच बसवावा. तो डायलला घासता कामा नये.

४) वायर दिव्याच्या स्विचवरून, फ्यूज घालून घ्यावी. काही पातळ डायलींना इन्व्हर्टर लागतो. त्याची वीज १२ व्होल्टपेक्षा खूप जास्त असते. चालू असताना हात लावू नये.

५) उजेड मंद ठेवावा. डोळे दिपले की पुढचा रस्ता दिसत नाही.

शेवटी इंजिन चालू करून पाहावे. ऑईलचा काटा लगेच वर आला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

आणि हो, ट्रॉलीमागचा लाल रिफ्लेक्टर पुसायला विसरू नका. मीटरचा उजेड आपल्यासाठी, रिफ्लेक्टर मागून येणाऱ्यासाठी!

— ऊस विकास अधिकारी